उरलेला भात

अन्न टाकू नये, हे आपल्याला कोणी शिकवले ते सांगता येत नाही. बोलणे जसे आपोआप येते तशी ही शिकवण येते. मूल पानावर बसू लागले की त्याच्या कानावर पहिली ताकीद पडते ती "पानात टाकू नकोस" ही. जेवणाआधी जो श्लोक आपण म्हणतो त्यात अन्नाला ब्रह्म म्हटले आहे. आणि एकदा ब्रह्म म्हटले म्हणजे ते उकिरड्यावर कोणत्या तोंडाने टाकायचे? भाताचे शीत पायाखाली आले तर त्याला हात लावून तो हात कपाळाला लावणारी माणसे माझ्या ओळखीत आजही आहेत, आणि त्यांना हसण्याची माझी छाती नाही.

दुसरी शिकवणही तितकीच जुनी आहे. दुसऱ्याला विटलेले वाढू नये. पण हिचा श्लोक नाही, हिला चाल नाही, ही कोणी पाठ करून घेत नाही. एरवी या दोन शिकवणी एका घरातल्या दोन शहाण्या जावांसारख्या गुण्यागोविंदाने नांदतात. ज्या क्षणी त्या एकमेकींच्या आड येतात तो क्षण मात्र कठीण असतो. तो रणांगणावर येत नाही की न्यायासनापुढे येत नाही; संध्याकाळी स्वयंपाकघरात, पातेल्यावरचे झाकण उचलताना येतो. वाचक म्हणतील, दिवाळीच्या फराळाबरोबर हा कसला विषय! पण सणावारीच पातेली मोठी असतात, आणि उरते तेही सणावारीच.

मी मुळशी तालुक्यात मास्तरकी करतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. मुळशी हा भाताचा मुलूख. १९२१ साली सेनापती बापटांच्या मागे जाऊन इथल्या मावळ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तो मुख्यतः खाचरांसाठी. खाचरे पाण्याखाली गेली ती गेलीच. जी वरच्या अंगाला राहिली त्यांत आजही आषाढाच्या पावसात, पोत्याची किंवा प्लास्टिकची खोळ डोक्यावर घेऊन, पोटऱ्या बुडतील एवढ्या चिखलात वाकून बायका लावणी करतात. दिवसभर वाकलेली ती कंबर ज्याने पाहिली आहे, त्याला भाताचे शीत हलके वाटत नाही. तेव्हा आमच्या शाळेच्या पडवीत, दुपारची जेवणे उरकल्यावर, पातेल्याच्या तळाशी तीनचार किलो खिचडी उरलेली दिसली की सगळ्यांचे चेहरे पडतात.

शाळेतल्या या जेवणाचा हिशेब सरकारने ठरवून दिलेला आहे. पाचवीपर्यंतच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. सहावीपासून आठवीपर्यंत याची दीडपट. १९९५ सालच्या १५ ऑगस्टला ही योजना देशभर सुरू झाली तेव्हा आपल्याकडे मुलांना कोरडा तांदूळ घरी मिळत असे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अन्न शिजवूनच द्या असा आदेश दिला, आणि त्यानंतर शाळाशाळांतून चुली पेटल्या. मास्तरांच्या हाती खडूबरोबर डावही आला. याबद्दल कुरकूर करणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातला नाही. शंभर मुले एका पंक्तीला बसून तोच भात खातात, हा धडा कोणत्याही पुस्तकात घालता येत नाही.

पण शंभर मुले रोज येत नाहीत. लावणीच्या दिवसांत मोठी पोरे धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहतात. गावच्या जत्रेला वर्ग अर्धे असतात. ओढ्याला पाणी आले की पलीकडच्या वाडीची पोरे नाहीतच. तांदूळ मात्र सकाळी पटावर पाहून मोजला गेलेला असतो. अशा एका दिवशी आमच्या शाळेत रांधणाऱ्या मावशींनी मला विचारले, "गुरुजी, एवढा भात उकिरड्यावर टाकायचा? पाप लागंल की." त्यांना तो घरी न्यायचा होता. घरी चार माणसे होती, रात्रीची चूल वाचली असती. दुपारचे तीन वाजले होते, भात साडेबाराला उतरवलेला, बाहेर पाऊस नसूनही दमट उकाडा. मी पातेल्याला हात लावून पाहिला. वरचा थर गार होता, आतला कोमट.

इथे थोडे शास्त्र सांगितले पाहिजे. कारण माझा सगळा प्रश्नच या कोमट गाभ्यावर उभा आहे. मातीत बॅसिलस सिरियस नावाचा एक सूक्ष्म जंतू असतो. तो धान्याबरोबर घरात येतो. त्याचे बीजाणू इतके चिवट की भात रटरटून शिजला तरी त्यांतले काही मरत नाहीत, नुसते निजून राहतात. भात निवत निवत कोमट झाला की ते जागे होतात, वाढतात, आणि त्यांतले काही एक विष सोडतात. हे विष पुन्हा उकळल्याने जात नाही. मळमळ, उलट्या तासाभरापासून पाचसहा तासांत सुरू होतात. पाच अंशांखालचा गारवा किंवा साठ अंशांवरचा गरमपणा, या दोहोंमध्ये अन्न जितका वेळ राहील तितका धोका वाढतो. खोल पातेल्यात झाकून ठेवलेल्या भाताचा गाभा कित्येक तास नेमका या दोहोंच्या मध्ये असतो. तोच भात परातीत पातळ पसरला तर पाहता पाहता निवतो, आणि मग लगोलग फ्रिजमध्ये ठेवता येतो. म्हणजे एवढ्या विषाची आणि निर्विषाची गोष्ट एका परातीवर येऊन ठेपली!

१९७० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये चिनी खाणावळींतून जेवून आलेली माणसे आजारी पडू लागली. शोध घेता कळले की तिथे परतलेल्या भातासाठी आदल्या दिवशीच भात शिजवून बाहेर ठेवीत आणि गिऱ्हाईक आले की कढईत परतून देत. हे वाचले तेव्हा मला आपला फोडणीचा भात आठवला. मोहरी तडतडली, हिंग-हळद पडली, वर कोथिंबीर भुरभुरली, की शिळ्याला ताज्याहून जास्त मान मिळतो. फोडणीचा भात मला स्वतःला फार आवडतो आणि मी तो सोडणार नाही. पण फोडणी अन्नाची चव राखते, अन्न राखत नाही.

आपल्या भाषेने या बाबतीत पूर्वीपासून पुष्कळ जागरूकता दाखवली आहे. भाजी उतरते, दूध नासते, वरण विटते, पीठ आंबते, खोबरे खवट होते, भाकरी बुरसते, डाळीला कुबट वास येतो. बिघडण्याच्या प्रत्येक तऱ्हेला वेगळे क्रियापद! ज्या बायकांनी हे शब्द घडवले त्यांच्या नाकाला आणि जिभेला माझा नमस्कार. त्यांना आणखीही कळत होते. आंबणे आणि विटणे एक नव्हे, हे त्या जाणत. म्हणून नाचणीच्या आंबिलीला त्यांनी पौष्टिक मानले, आणि विटलेल्या वरणाला हात लावला नाही. जिथे पाणी नाही तिथे अन्न टिकते, हेही त्या जाणत. म्हणून दिवाळीच्या करंजीत टिकवायचे असेल तर सुके खोबरे, आणि ओल्या नारळाची केली तर दोन दिवसांत संपवायची. भाकरीचे सुकलेले तुकडे न्याहारीला चालत, कालवलेला भात चालत नसे. यातले काहीच लिहून ठेवलेले नव्हते. सासूने सुनेला सांगितले, सुनेने डोळ्यांनी पाहिले.

मग अडते कुठे? अडते ते असे, की या सगळ्या ज्ञानाचे साक्षीदार नाक आणि जीभ. आणि माणसाला पाडणारे जंतू पुष्कळदा नाकाला आणि जिभेला कळू न देता काम करतात. त्या कोमट गाभ्याला वास येत नव्हता, मावशींनी घास तोंडात घालून सांगितले, "ब्येस हाय की." आपण म्हणतो, शितावरून भाताची परीक्षा. शिजला की नाही एवढ्यापुरती ही म्हण पक्की आहे. एक शीत बोटांत दाबले की सगळ्या पातेल्याची हकिगत कळते. भात खाण्याजोगा आहे की नाही, हे मात्र कोणतेच शीत सांगत नाही. ते सांगतो वेळ. तो केव्हा उतरवला, कसा निवला, कोणत्या हाताने ढवळला, हे ज्याला माहीत आहे त्यानेच ते सांगावे. म्हणून मला वाटते की स्वयंपाकाचे ज्ञान हे चवीच्या ज्ञानापेक्षा आठवणीच्या ज्ञानाच्या जास्त जवळ आहे.

माझी आई मूळची इंदापूरकडची. १९७२ च्या दुष्काळात ती ऐन तारुण्यात होती. खडी फोडायच्या कामावर मिळणारी सुकडी आणि रेशनचा लाल मिलो यांवर तिने दिवस काढले. तिच्यापुढे मी जंतूंचे नाव काढले तर ती म्हणते, "तुझे जंतू आम्हाला तेव्हा भेटले नाहीत रे, भूक भेटली." याला उत्तर नाही. ज्याने उपासमार पाहिली आहे त्याच्या हातून भात टाकवत नाही, आणि ज्याला टाकवत नाही त्याला अडाणी म्हणणे हा पोट भरलेल्या माणसाचा माज आहे. पण आई आणखी एक गोष्ट करीत असे, ती मला लहानपणी दिसत होती, कळली फार उशिरा. रात्रीचे उरलेले ती स्वतःच्या पानात वाढून घेई. वडिलांच्या पानात ताजे, आम्हा मुलांच्या पानात ताजे, आणि चुलीजवळच्या शेवटच्या पानात कालचे. घरोघर हेच चाले. अन्न टाकू नये हा नियम सगळ्या घराने मानायचा, आणि त्याची किंमत एकीने पोटात घालायची.

हे एकदा दिसले की मग सगळीकडे दिसू लागते. आपण अन्न टाकत नाही, हे खरे. पण आपण ते खालच्या पायरीवर ढकलतो. घरात ते गृहिणीकडे जाते, तिथून धुणेभांडी करणारीकडे, तिथून दारच्या भिकाऱ्याकडे, शेवटी गाईकडे. (गाईलाही ढीगभर भात घातला तर तिचे पोट बिघडते, गोठा सांभाळणाऱ्या कोणालाही विचारा.) दिवाळी संपते, तुळशीचे लग्न लागते, डब्याच्या तळाची चकली वास मारू लागते, आणि मग घरातले कोणीतरी म्हणते, "अगं, बाईला देऊन टाक ना." या 'देऊन टाक' मधले 'टाक' मला फार प्रामाणिक वाटते. टाकायचेच असते, फक्त पाप नको असते, म्हणून मध्ये एक माणूस घ्यायचा. तिने ती पिशवी हसून घ्यायची, कारण नको म्हटले तर "एवढा ताठा!" असे व्हायचे.

तेव्हा माझा मूळ प्रश्न मला निराळ्या शब्दांत मांडावा लागला. अन्न टाकणे हे पाप की वाढणे हे पाप, असा तो प्रश्नच नाही. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या पानात आपण काय वाढतो, हा प्रश्न आहे. पाहुण्याला नाही म्हणता येते. तो पोट भरले म्हणतो, पथ्य सांगतो. गिऱ्हाइकाला दुसऱ्या दुकानात जाता येते. नाही म्हणता येत नाही ते लहान मुलाला, आजाऱ्याला, मोलकरणीला, उपाशी माणसाला. १९७४ साली गुजरात आणि राजस्थानच्या आदिवासी खेड्यांत अवकाळी पावसात भिजून बुरसलेला मका खाल्ल्यामुळे शंभरावर माणसे काविळीने दगावली. मका बुरसलेला आहे हे त्यांना दिसत नव्हते काय? दिसत होते. घरात दुसरे धान्य नव्हते. त्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचे यकृत जाळणारे विष असते, आणि तेही भाजून, शिजवून पुरते जात नाही. आमच्या मुळशीच्या पावसात शेंगदाण्यांवर अशीच बुरशी चढते. ती झटकून, दाणे जरा जास्त भाजून, कूट करण्याची काटकसर कोणी सुचवली तर ती काटकसर मानू नये.

आता कोणी म्हणेल, आपल्या पूर्वजांनी सोवळे पाळले ते याचसाठी. हे मी पुष्कळदा ऐकतो आणि मला ते पटत नाही. सोवळ्यात काही चांगल्या सवयी होत्या, नाही असे नाही. हात धुणे होते, मासेमटणाची विळी वेगळी ठेवणे होते. चिंबोऱ्या साफ केलेल्या विळीवर तशीच कोथिंबीर चिरू नये, हे आजचे शास्त्रही सांगते. पण सोवळ्याचा मुख्य प्रश्न हात कसा आहे हा नव्हता, हात कोणाचा आहे हा होता. २०१७ च्या सप्टेंबरात, इथून तासादीड तासाच्या अंतरावर, पुण्यात, स्वयंपाकिणीने जात लपवून आमचे सोवळे मोडले अशी तक्रार एका सुशिक्षित घरातून पोलिसांत गेली. महाराष्ट्रभर गदारोळ झाला आणि तक्रार मागे घेतली गेली. त्या साऱ्या चर्चेत, ती बाई रांधण्याआधी हात साबणाने धूत होती की नाही, हे विचारणारा मला कोणी भेटला नाही. ज्या हातावर जंतू आहे तो हात कोणत्याही जातीचा असेल, आणि ज्या साबणाने तो धुतला जातो त्या साबणाला जात माहीत नाही.

हाताची गोष्ट निघाली म्हणून अमेरिकेतल्या एका स्वयंपाकिणीची हकिगत सांगतो. मेरी मॅलन तिचे नाव. आयर्लंडमधून आलेली, उत्तम रांधणारी. तिच्या हातच्या पीच फळे घातलेल्या आइस्क्रीमची तारीफ होई. पण ती ज्या घरी कामाला जाई तिथे विषमज्वर निघे. १९०७ साली न्यूयॉर्कमध्ये तिला पकडून तपासले तेव्हा कळले, की ती स्वतः ठणठणीत असली तरी तिच्या आतड्यांत विषमज्वराचे जंतू आहेत. तिला एका बेटावर ठेवले. १९१० मध्ये, पुन्हा रांधणार नाही असे वचन घेऊन सोडले. काही दिवस तिने धुण्याचे काम केले. त्यात पैसे कमी. मग नाव बदलून ती पुन्हा चुलीपाशी उभी राहिली. १९१५ साली एका प्रसूतिगृहात तिच्या हातचे खाऊन पंचवीस माणसे आजारी पडली, दोन दगावली. त्यानंतर १९३८ मध्ये मरेपर्यंत ती त्याच बेटावर होती. आपण कोणाला आजार दिला हे तिने शेवटपर्यंत मानले नाही.

ती दोषी होती का? पहिल्या वेळी नव्हती. ठाऊक नसलेल्या गोष्टीचा दोष कोणाला लावता येत नाही. दुसऱ्या वेळी होती असे म्हणणे भाग आहे, कारण तिला सांगितले गेले होते. पण सांगितले कसे होते? पोलिसांकरवी धरून, तिच्या पोटापाण्याची दुसरी सोय न लावता. न दिसणाऱ्या शत्रूवर विश्वास ठेव आणि डोळ्यांना दिसणारी भाकरी सोड, असे तिला सांगण्यात आले. ज्ञान देणाऱ्याची जबाबदारी तोंडाने सांगितल्यावर संपते असे आपण समजतो. मी मास्तर आहे. सांगणे आणि शिकवणे यांतले अंतर मला रोज मोजावे लागते.

आणि कधी कधी उलटेही होते. सांगणारा खालच्या पायरीवर असतो, आणि ऐकणारा वर. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यात, गंडामन गावच्या शाळेत दुपारचे जेवण जेवून तेवीस मुले मेली. ज्या तेलात भाजी केली होती त्यात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळलेले होते. तेल बरे दिसत नाही असे रांधणारीने म्हटले होते, आणि तिचे ऐकले गेले नाही, असे त्या वेळच्या वृत्तांतून आले. रांधणारी स्वतःही ते खाऊन आजारी पडली. शेतीची औषधे आणि खाण्याचे तेल एका छपराखाली, एकसारख्या डब्यांत, ही गोष्ट आपल्या खेड्यापाड्यांत अपूर्व नाही. पण मला त्या डब्याहून जास्त बोचते ते दुसरेच. जिच्या नाकाला कळले तिला नाही म्हणण्याचा अधिकार नव्हता, आणि मुलांना तर नव्हताच.

शाळेत मुलांना वाढण्याआधी शिक्षकासह दोनतीन मोठ्या माणसांनी ते अन्न चाखून पाहावे असा नियम आहे. आमच्या शाळेत त्याची वही आहे आणि तिच्यात मी सही करतो. आमच्या गावातल्या एका वृद्ध गृहस्थांना हे खटकले. नैवेद्याच्या आधी कोणी चव घेते का, असे त्यांचे म्हणणे. मुले म्हणजे देवाघरची फुले, तुम्ही त्यांच्या आधी उष्टे करता! मी त्यांना शबरीची आठवण दिली. वाल्मीकींच्या रामायणात उष्ट्या बोरांचा प्रसंग नाही; तो मागाहून लोकांनी घातला. का घातला असेल? मला वाटते, रानातले बोर आंबट की किडके हे स्वतः चावून पाहिल्याशिवाय ती म्हातारी ते पाहुण्यापुढे कसे ठेवील, असे लोकांच्या मनाला वाटले असावे. देवाला सगळे सोसते, म्हणून त्याच्या आधी चाखले नाही तरी चालते. सहा वर्षांच्या पोराला सोसत नाही. गृहस्थ हसले, पटले की नाही ते कळले नाही.

चाखण्याने कोमट भाताचा प्रश्न सुटत नाही, हे वर आलेच आहे. त्याला दुसरी रीत लागते. आता आमच्या शाळेत पट पाहून तांदूळ घेत नाहीत. पहिल्या तासाची हजेरी झाली की एक मुलगी आकडा घेऊन चुलीपाशी जाते आणि मग आधण ठेवले जाते. अर्धा तास उशीर होतो. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० साली आली तेव्हा वाटी-चमच्याची मापे पाहून जुन्या बायकांनी नाके मुरडली असतील. हाताचा अंदाज काय कमी होता? पण अंदाज हा एका घराचा असतो, माप दुसऱ्याला देता येते. काटकसर करायची ती सकाळी, मापाने. रात्री पातेल्यावर वाकून केलेली काटकसर ही काटकसर नसते, ती चुकलेल्या हिशेबाची वसुली असते, आणि ती नेहमी दुसऱ्याच्या पोटातून होते. तरीही उरलेच, तर पंगत उठताक्षणी, वाफ येत असताना, जवळच्या घरांतून ज्याला हवे त्याने न्यावे आणि लगेच खावे. त्या पलीकडचे खतखड्ड्यात. उरलेल्या अन्नाचे वाटप कसे करावे याचे नियम सरकारनेही २०१९ साली केले आहेत. लग्नाच्या हंगामात कार्यालयातून संध्याकाळच्या पंगतीचा भात मध्यरात्री वसतिगृहाच्या दारात आणून ठेवणाऱ्या दानशूरांनी ते एकदा नजरेखालून घालावेत.

त्या दुपारी मावशींचा भात खतखड्ड्यात गेला. त्यांना ते आवडले नाही. जाताना त्यांनी खड्ड्याला हात जोडले, आणि मला त्या हात जोडण्यात आणि माझ्या शास्त्रात काही विरोध दिसला नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांना सगळे नीट समजावून सांगितले. परात, वेळ, साबण, नखे. त्यांनी लक्ष देऊन ऐकले, दोन शहाणे प्रश्न विचारले. जुलाब होत असतील त्या दिवशी स्वयंपाकाला हात लावायचा नाही, हे सांगितले तेव्हा मात्र त्या थांबल्या. "त्या दिसाचं पैसं?" त्यांनी विचारले. २००९ साली केंद्राने शाळेत रांधणाऱ्या बायांचे मानधन महिना १००० रुपये ठरवले. राज्यांनी त्यात आपापली भर घातली. ती भर धरूनही, एक दिवस कापला गेला तर घरात कळतो.

मला त्यावर लगेच काही बोलता आले नाही. तो खाडा कापू नये आणि त्या दिवशी बदलीची बाई गावातून कशी आणावी, हा विषय मी शाळेच्या समितीपुढे लिहून दिला आहे. बैठक भाऊबीजेनंतरच्या सोमवारी आहे.